खाणीतली राखड आणि विहीर: बाटली भरण्याआधी टेप सोडा

नमस्कार मंडळी! चंद्रपूर, वणी, उमरेड, सगळीकडून एकच प्रश्न येतोय: "शेजारची बंद खाण राखडीनं भरली, तर पाण्यावर लक्ष कसं ठेवायचं?"

मूळ गोष्ट पटकन सांगतो. कोळसा संपला की खड्डा उरतो, त्यात औष्णिक केंद्राची राख भरतात, वर माती टाकून झाडं लावतात. ओडिशात तालचेरला साउथ बलंडा खाणीत हे झालंय. 31 डिसेंबर 2021च्या केंद्राच्या अधिसूचनेतही याला मान्यता आहे. भोवती निरीक्षण विहिरी घेतात, वरच्या अंगाला (जिकडून भूजल येतं) आणि खालच्या अंगाला (जिकडे ते जातं). दोन्हींच्या पाण्यात फरक किती, ते बघायचं.

पण वरचं अंग ठरवलं कुणी? जमिनीचा चढ बघून? तिथंच घोळ होतो!

एका खाणीवरचं माझ्या वहीतलं हे पान बघा. टेकाडावरची विहीर, पाइपाचं तोंड 192.40 मीटर उंचीवर. टेप सोडला, पाणी 14.25 मीटरवर लागलं. वजा करा: 178.15. नाल्याकडची विहीर, तोंड 190.10, पाणी 9.80 वर. म्हणजे 180.30. जमीन खाली, पण पाणी दोन मीटर वर! म्हणजे भूजल नाल्याकडून टेकाडाकडे चाललंय. अहवालात मात्र टेकाडावरचीच 'वरची' विहीर म्हणून वर्षानुवर्षं चाललेली. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं, कारण त्या अहवालावर गाव विसंबून होतं.

आता उपशाकडून बघा. खाण चालू असताना पंप पाणी उपसतात, म्हणून चहूबाजूंचं पाणी खड्ड्याकडे येतं. पंप बंद झाले की पातळी चढत जाते, राख भिजते आणि मग पाणी बाहेरची वाट धरतं. पहिली काही वर्षं नमुने स्वच्छ आले, तर त्याचा अर्थ एवढाच असू शकतो की पाणी अजून आतच येतंय.

आणि शेजारी दुसरी खाण चालू असेल तर? तिचे पंप पाणी त्या खाणीकडे ओढतात. दिशा पुन्हा फिरली. म्हणून दर फेरीला आधी पातळी, मग नमुना. दिशा काढायला विहिरी निदान तीन हव्यात, त्याही एका रेषेत नकोत.

"टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं यंत्र) आणलाय, पुरेल ना?" असं बरेच जण विचारतात. नाही पुरणार, दादा. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे, ते मीटरला कळत नाही. सल्फेट आणि बोरॉन प्रयोगशाळेतून तपासून घ्या. ते पाण्याबरोबर वाहतात, त्यामुळे बहुधा आधी तेच दिसतात.

ज्यांची विहीर खाणीजवळ आहे त्यांनी मे महिन्यात आणि पावसाळा सरल्यावर पातळी मोजा. तारीख लिहा, काठाची उंची सर्व्हेअरकडून एकदा काढून घ्या. राख पडण्याआधीची नोंद असेल तर ती वही जपून ठेवा. ती नंतर कुणालाच तयार करता येत नाही.