या रविवारी कोण? : नगरच्या एका ख्रिस्ती मंडळीतला तरुण संघ

[दृश्य : चर्चमागची खोली, रात्र. पेटीचा भाता, बोटं, मग चेहरे. आवाज मूळ.]

शनिवार, रात्रीचे साडेआठ. वाद गाण्याच्या पट्टीवरून चाललाय. काळी चार धरली की मुलांचे गळे ताणले जातात, पांढरी एक धरली की मुलींचा आवाज खाली बुडतो. शेवटी काळी दोनवर तह होतो. पेटीवर बसलेला मुलगा बारावीत आहे. तबल्यावरचा दादा रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला. शिफ्ट बदलून घेऊन तो शनिवारी गाव गाठतो.

आणि मध्ये उभी आहे ती कीर्तनकार. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ओढणी कमरेला खोचलेली, एका हातात चिपळ्या, दुसऱ्या हातात मोबाईल, कारण साक्या, म्हणजे कीर्तनातली पदं, अजून पाठ व्हायच्यात.

[दृश्य : मोबाईलचा पडदा जवळून. मराठीत टंकलेल्या ओळी, मध्येच लाल रंगात ‘इथे थांब’.]

आख्यान उधळ्या मुलाचं. लूकचं शुभवर्तमान, पंधरावा अध्याय. पूर्वरंगात क्षमेवर निरूपण, मग भजन, मग उत्तररंगात गोष्ट. धाकटा पैसे उडवून परत येतो, बाप धावत जातो, हे सगळ्यांना पाठ आहे. हिने मात्र थोरल्या भावाला पुढे आणलंय. घरात राहिला, राबला, आणि मेजवानीच्या दिवशी अंगणात रुसून उभा राहिला तो. त्याचे संवाद तिने नगरी बोलीत लिहिलेत. सरावात हसू आवरत नाही कुणाला.

[दृश्य : चर्चची दगडी भिंत. जुनी छायाचित्रं. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाची झिजलेली प्रत, पान उलटताना.]

चिपळ्या या चर्चमध्ये काल आल्या नाहीत. अमेरिकन मराठी मिशनचं काम अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १८३१ साली सुरू झालं. सुरुवातीची गाणी म्हणजे परदेशी चालींत बसवलेले मराठी शब्द. मग १८६० च्या दशकात याच नगरात कृष्णा रत्नाजी सांगळे ख्रिस्ती कीर्तनाला उभे राहिले. पुढे कवी नारायण वामन टिळक आले. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतरची कितीतरी वर्षं त्यांची नगरात गेली. अभंग आणि ओवी त्यांच्या रक्तातच होती. रविवारी ‘उपासना संगीत’ उघडा, थोडी पानं उलटली की टिळकांचं नाव समोर येतंच.

हा सगळा ठेवा आपल्याकडे असताना तरुणांसाठी काही करायचं म्हटलं की आपल्याला आधी भाड्याची साऊंड सिस्टीम आठवते. गिटारशी आमचं भांडण नाही. या खोलीतही एक आहे, कोपऱ्यात टेकवलेली, तार तुटलेली. पण मेळाव्याचा मांडव उतरला की सोमवारी त्या मुलांनी करायचं काय?

[दृश्य : रविवारची उपासना. तरुण मुलं मागच्या भिंतीला टेकून. एक जण खुर्च्या रचतोय.]

शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांची रविवारची बायबल शाळा, संपते; दृढीकरण, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली देणं, होतं. त्यानंतर? बायकांना महिला मंडळ आहे, पुरुषांना मंडळीचा कारभार बघणारी पंच कमिटी आहे. मधल्या पंधरा वर्षांतल्या तरुणांना खुर्च्या उचलायचं काम.

[दृश्य : बर्फातलं एक चर्च, जुनं रेखाचित्र. मग पुन्हा चर्चमागची खोली.]

हा प्रश्न आपल्याच मंडळीला पडला असंही नाही. अमेरिकेत मेन राज्यातल्या पोर्टलँड गावी, विलिस्टन चर्चचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, फ्रान्सिस क्लार्क याच काळजीत होता. वय एकोणतीस. २ फेब्रुवारी १८८१ च्या संध्याकाळी त्याने मंडळीतल्या मुलामुलींना घरी बोलावलं आणि त्यांच्यापुढे एक प्रतिज्ञा ठेवली. दर सभेत प्रत्येकाने काहीतरी करायचं. नुसतं ऐकायला बसायचं नाही. वचन वाचा, दोन वाक्यांची प्रार्थना करा, पण तोंड उघडा. सभा मुलंच चालवणार, समित्याही त्यांच्याच. नवे सदस्य बघणारी एक, प्रार्थनासभा सांभाळणारी एक, गाठीभेटी घडवणारी एक. चळवळीचं नाव ख्रिश्चन एन्डेव्हर. ती जगभर गेली. नगरचं मिशन ज्या काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच बघते अशा) परंपरेतलं, तिच्यातलंच क्लार्कचं चर्च. त्यामुळे मिशनच्या मंडळ्यांतही तिच्या शाखा निघाल्या.

लाजणाऱ्या मुलाला जमेल एवढंच काम द्यायचं, पण ते त्याच्या नावावर द्यायचं, ही यातली मेख.

[दृश्य : भिंतीवर चिकटवलेला कागद. स्केचपेनने आखलेले रकाने. कॅमेरा सावकाश खाली येतो.]

या मंडळीतल्या तरुण संघाने तेच केलंय. कागदावर डिसेंबरचे रविवार, आणि पुढे रकाने. उपासना कोण चालवणार. जुन्या कराराचं वाचन, नव्या कराराचं वाचन. प्रार्थना. पेटी. सतरंज्या. म्हाताऱ्या माणसांना घरून कोण आणणार, यालाही वेगळा रकाना आहे. एकच नाव लागोपाठ दोन रविवार येणार नाही, हा नियम. काही नावांपुढे पेन्सिलने ‘कारखान्यावर’ असं लिहिलंय. ही मुलं घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेलीत, हंगाम संपला की येतील.

[दृश्य : पाळकसाहेब मोटारसायकलवर, शेताकडेचा रस्ता. हात उंचावून ‘जय ख्रिस्त’.]

पाळकसाहेबांना हे पटवायला फार बोलावं लागलं नाही. त्यांच्याकडे पाच गावं आहेत आणि रविवार एकच. ज्या गावी ते पोचत नाहीत, तिथली उपासना आता या यादीतली मुलं चालवतात. पाळकसाहेब शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याबरोबर बसतात आणि वचनाचा भाग समजावतात. उपदेश लिहून देत नाहीत. लिहून दिला की मुलं तो वाचून दाखवतात, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.

पंच कमिटीतल्या काहींना शंका होती. पेटीच्या कपाटाची किल्ली कुणाकडे राहणार, यावर दोन बैठका गेल्या.

[दृश्य : किल्ली. दोऱ्यात ओवलेली, मुलीच्या गळ्यात.]

[दृश्य : चर्चचं आवार, दुपार. बांबू चिरताना, कामट्या वाकवताना, पतंगी कागद, खळीचं भांडं.]

डिसेंबरचा दुसरा आठवडा. बाजारात प्लॅस्टिकची चांदणी तयार मिळते. इथे बांबूची करतात. कामटी ओली असतानाच वाकवायची, नाहीतर गाठीपाशी तडकते. पाच टोकांचे दोन सांगाडे वेगळे बांधायचे, टोकांना सुतळीचे आटे द्यायचे, आणि मधोमध आडव्या काड्या अडकवून चांदणीला पोट आणायचं, म्हणजे आत बल्ब मावतो. हे शिकवणारे आजोबा सत्तरीच्या पुढचे आहेत. संघाचे ते सभासद नाहीत, पण यादीत त्यांच्यासाठी नवा रकाना आखला गेलाय.

[दृश्य : रात्र. टेम्पोवर चांदणी. वस्तीवरची घरं. कॅरल, म्हणजे नाताळचं गाणं. दारात उभ्या आज्जी.]

[निवेदन नाही. गाणं पूर्ण.]

कॅरलची फेरी रात्री एकपर्यंत चालते. जमलेला पैसा वहीत लिहिला जातो, रक्कम मंडळीपुढे वाचली जाते. वहीही संघातल्या मुलांच्याच ताब्यात.

[दृश्य : नाताळची संध्याकाळ. चर्च भरलेलं. कीर्तनकार, डोक्याला फेटा. मोबाईल नाही.]

[कीर्तनाचा भाग, थोरल्या भावाचा संवाद. निवेदन नाही. समोरच्या रांगेतले चेहरे.]

[दृश्य : जानेवारी. चर्चमागची खोली, खुर्च्या गोलात. पंच आणि तरुण एकत्र.]

या वर्षी मागच्या भिंतीला टेकणारी मुलं कमी झाली. संघातल्या दोघांना पंच कमिटीच्या बैठकीला बसायला बोलावणं आलं, मताचा अधिकार अजून नाही. तिघी जणी शब्बाथ शाळेत शिकवू लागल्या. तबल्यावरच्या दादाची बदली चाकणला झाली. त्याच्या जागी आता नववीतला एक मुलगा बसतो. ठेका धावतो त्याचा, पण रकान्यात नाव त्याचंच आहे.

कीर्तनाचं आमंत्रण शेजारच्या दोन मंडळ्यांकडून आलंय, लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांसाठी. आख्यान कोणतं घ्यायचं, यावर आजची बैठक. कुणी म्हणतं बायबलमधली रूथ, कुणी म्हणतं माशाने गिळलेला योना. योनाच्या आख्यानात मासा कसा दाखवायचा यावर चर्चा रंगलीय, आणि पाळकसाहेब घड्याळाकडे बघतायत.

[श्रेयनामावली. मूळ आवाज चालू.]