कुंची

नौपाड्यातली जुनी इमारत, तिसरा मजला. खिडकीच्या गजांमधून आलेलं सकाळचं ऊन शिवणयंत्रावर पडलंय. आजींनी खण पसरलाय, हिरवा, तांबड्या काठाचा. आता कात्री लागेल असं वाटतं, पण आजी काठाला काठ लावून बघतात, तळव्यानं चुण्या मोडतात, पुन्हा बघतात. कात्रीला अजून वेळ आहे.

आज इथे कुंची शिवली जातेय.

कुंची म्हणजे टोपडं नव्हे. हल्ली दोन्हींना एकच नाव चिकटतं, म्हणून हे आधी सांगायला हवं. टोपडं डोक्यापुरतं. कानांवरून येऊन हनुवटीखाली बंद बांधला की त्याचं काम झालं. कुंची डोक्यावरून निघते, मान झाकते आणि पाठीवरून खाली उतरत जाते. पावसात शेतकरी घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतो, तिचीच ही धाकटी बहीण. तान्ह्या बाळाची टाळू भरलेली नसते, मान सावरलेली नसते. वारा नेमका तिथेच लागतो. तो अडवायला हे वस्त्र.

बाळंतविड्यात म्हणूनच दोन्ही असायची. झबली, अंगडी, टोपडी, लाळेरी, दुपटी, आणि सगळ्यांत वर कुंची. टोपडी रोज धुऊन वाळत पडायची. कुंची निघायची ती बाळ उंबरा ओलांडणार असेल तेव्हा, नाहीतर बारशाला.

आता आजींचे हात बघा. खणाची लांबी मधोमध दुमडली. ही घडी म्हणजे बाळाचा माथा. एका बाजूचा काठ मोकळा ठेवला, तो चेहऱ्याभोवती येणार. कपाळावरून दोन्ही गालांशेजारून खाली उतरणारी ही तांबडी चौकट त्या काठाचीच, वेगळी पट्टी लावलेली नाही. दुसऱ्या बाजूचे काठ एकमेकांना जोडले की मागची शिवण. विणकरानं काठ विणतानाच अर्धी कुंची करून ठेवलेली असते, असं मला हे चित्रण करताना वाटत राहिलं.

खण मूळचा बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. चोळीसाठी विणलेलं कापड. आईची चोळी आणि बाळाची कुंची एकाच ठाणातून निघू शकायची.

मानेपाशी आजी थांबतात. इथे चुण्या घ्यायच्या. यंत्र बाजूला, सुई हातात. चुण्या सैल पडल्या तर कुंची बाळाच्या डोळ्यांवर येते, घट्ट झाल्या तर मान वळत नाही. आजी मोजपट्टी वापरत नाहीत. स्वतःची मूठ आत घालून बघतात.

मग अस्तर. धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतराचं कापड. नवं कापड आत लावायचं नाही, बाळाला टोचतं. हे अस्तर बाहेरून दिसणार नाही, पण आजींचा निम्मा वेळ त्यातच गेला.

माथ्यावर टोक राहतं, तिथे गोंडा. दोन बोटांवर रेशीम गुंडाळलं, मध्ये गाठ मारली, कडा कापल्या. झाला.

(इथे निवेदन नाही. फक्त कात्रीचा आणि खालून येणाऱ्या रिक्षांचा आवाज.)

कुंची फक्त बाळांनाच घालतात असं नाही. ही चैत्रातली दुपार, ठाण्यातलंच एक राममंदिर. रामजन्माचं कीर्तन रंगात आलंय. बरोबर बारा वाजता कुंची घातलेला नारळ पाळण्यात ठेवतात, गुलाल उधळतो, सुंठवड्यासाठी हात पुढे येतात. देव जन्माला आला, तोही कुंची घालूनच.

जांभळी नाक्यावरची ही दुकानं. तयार कुंच्या आहेत, हुडीही आहेत. हातानं शिवून देणारे मात्र शोधावे लागतात, आणि कुंची म्हणून मागणारेही.

आजींनी शिवलेली कुंची आज बारशाला आलीय. पाळण्याला झेंडू, खाली रांगोळी. पण ती आधी बाळाला घालत नाहीत. आधी मान वरवंट्याचा. काळा, गुळगुळीत, पाट्याला घासून झिजलेला दगड. त्याला कुंची नेसवली, बाळासारखा कुशीत घेतला. एक जण पाळण्याखालून देते, दुसरी वरून घेते. कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या. दगडासारखं दणकट आयुष्य बाळाला लाभावं म्हणून.

मग तीच कुंची वरवंट्यावरून उतरते. मुलगी झोपेत आहे. आत्या तिचं डोकं तळव्यावर तोलते, आजी काठ कपाळावर नीट बसवतात. माथ्यावरचा गोंडा हलतो.

आत्या कानाशी वाकते.

(पाळण्याच्या कड्यांचा आवाज. निवेदन नाही.)