दूध-हिशेबाचे ॲप : मोबाइल ॲप तयार करायला शिकताना

दृश्य : दूध संकलन केंद्राच्या खिडकीतून बाहेर येणारी छापील पावती. त्यावरचे आकडे जवळून दिसतात.

सकाळ-संध्याकाळ मिळणाऱ्या या पावतीवर चार आकडे महत्त्वाचे असतात : लिटर, फॅट म्हणजे स्निग्धांश, एसएनएफ म्हणजे स्निग्धांशाखेरीज दुधातले इतर घन घटक, आणि दर. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे प्रमाण धरून ठरतो, फॅट कमी-जास्त लागली की दरपत्रकाप्रमाणे पैसे बदलतात, आणि दहा दिवसांनी बिल हातात पडते तेव्हा वीस पावत्यांची बेरीज त्याच्याशी जुळते की नाही, हे पाहायला बहुतेक घरांत वहीशिवाय दुसरे साधन नसते.

मोबाइल ॲप तयार करायला शिकू पाहणाऱ्याने सुरुवात कुठून करावी, या प्रश्नाचे उत्तर आम्ही या वहीपासून शोधणार आहोत. शिकवणीवर्गांत पहिले ॲप म्हणून कॅल्क्युलेटर किंवा कामांची यादी करून घेतात. त्यांत गैर काही नाही. परंतु असे ॲप पूर्ण झाल्यावर ते कोणी वापरत नाही, आणि जे कोणी वापरत नाही त्यातल्या चुका दाखवायलाही कोणी येत नाही. दुधाच्या हिशेबात दोन रुपयांचा फरक पडला, तर मात्र घरातले माणूस त्याच संध्याकाळी जाब विचारते. शिकणाऱ्याला अशा माणसाची गरज असते.

हा व्यवसाय तसा फार जुना नाही. ॲपलचे ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये सुरू झाले तेव्हा त्यात सुमारे ५०० ॲप होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुगलने अँड्रॉइडसाठी आपला बाजार उघडला आणि २०१२ मध्ये त्याचे नाव गुगल प्ले झाले. दोन्हीकडे वाटा वेगळ्या आहेत. आयफोनचे ॲप तयार करायचे तर स्विफ्ट ही भाषा आणि एक्सकोड हे साधन लागते, एक्सकोड फक्त मॅक संगणकावर चालते, आणि ॲप स्टोअरवर ॲप ठेवण्यासाठी वर्षाला ९९ डॉलर मोजावे लागतात. गुगल प्लेवर नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरायचे असतात. भारतातले शंभरांतले नव्वदहून अधिक फोन अँड्रॉइडचे आहेत आणि दूध केंद्रावरच्या रांगेत तर आयफोन क्वचितच दिसेल. त्यामुळे आमच्या ॲपापुरता प्रश्न मिटतो. एकाच लिखाणातून दोन्ही फोनांसाठी ॲप करून देणारी फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह ही साधने चांगली आहेत. परंतु पहिले सहा महिने ‘कोणते चांगले’ या चर्चेत घालवणारे विद्यार्थी इतके आहेत की, आमचा सल्ला एकच एक वाट धरण्याचा आहे. येथे आम्ही कोटलिन ही भाषा घेतली आहे. गुगलने तिला २०१७ मध्ये अँड्रॉइडसाठी अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ पासून नव्या ॲपांसाठी तिलाच पहिली पसंती दिली.

दृश्य : लॅपटॉपला केबलने जोडलेला साधा अँड्रॉइड फोन. सेटिंग्जमधल्या ‘बिल्ड नंबर’वर बोट सात वेळा टेकते.

अँड्रॉइड स्टुडिओ हे साधन विनामूल्य मिळते, पण संगणकाकडून ते बरीच अपेक्षा ठेवते. ८ जीबी रॅमवर ते चालते. मात्र त्याच्या जोडीला संगणकातला कृत्रिम फोन, म्हणजे एमुलेटर, सुरू केला की पंखा जोरात फिरू लागतो आणि टंकलेले अक्षर पडद्यावर उमटायला वेळ लागतो. त्यावर उपाय सोपा आहे. स्वतःचा फोन केबलने जोडावा, ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप करून डेव्हलपर पर्याय उघडावेत, त्यांतले यूएसबी डीबगिंग सुरू करावे आणि ॲप थेट फोनवरच चालवून पाहावे. नवा लॅपटॉप घेईपर्यंत शिकणे लांबणीवर टाकण्याचे कारण उरत नाही.

पहिला पडदा साधा आहे : तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, दर आणि ‘नोंदवा’ हे बटण. फॅटवरून दर काढणारे दरपत्रक पहिल्या आवृत्तीत घ्यायचे नाही. पावतीवर छापलेला दर पाहून भरायचा. काय करायचे नाही हे ठरवता न आल्यामुळे जितकी ॲप अर्धवट राहतात, तितकी ती कोटलिन न आल्यामुळे राहत नसावीत.

आता हा प्रसंग पाहावा. लिटरच्या रकान्यात ७.४ भरले, दराच्या रकान्यात ३४.५० भरले, आणि तेवढ्यात हातातला फोन आडवा झाला. दोन्ही रकाने रिकामे झाले. शिकाऊ माणसाला वाटते की फोन बिघडला. प्रत्यक्षात अँड्रॉइडने ठरल्याप्रमाणेच काम केलेले असते. पडद्याची दिशा बदलली की अँड्रॉइड तो पडदा मोडून नव्याने उभारतो, आणि जपून ठेवण्याविषयी स्पष्ट सांगितले नसेल तर आधीच्या पडद्याबरोबर त्यातले आकडेही जातात. रकान्यातला आकडा लक्षात ठेवण्यासाठी कोडमध्ये नुसते ‘रिमेंबर’ लिहिले होते, तेथे ‘रिमेंबरसेव्हेबल’ लिहिल्यावर आकडे टिकतात. दुरुस्ती एका शब्दाची आहे. मात्र ती का लागली हे ज्याला समजले, त्याला अँड्रॉइडमधल्या पडद्याच्या जीवनक्रमाचा धडा पुस्तकात पुन्हा रटावा लागत नाही.

पैशांचा हिशेब याहून अवघड आहे. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ यांच्या, पद्धतीने साठवतो आणि त्या पद्धतीत ०.१ सारखी साधी संख्याही नेमकी मावत नाही, म्हणूनच ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ न येता ०.३०००००००००००००००४ अशी येते. एका पावतीत हा फरक दिसत नाही, पण हिशेबाच्या ॲपात तो पायाशीच असू नये. म्हणून रुपयांऐवजी पैसे आणि लिटरऐवजी मिलिलिटर साठवायचे : ७,४०० मिलिलिटर गुणिले ३,४५० पैसे, भागिले १,०००, म्हणजे २५,५३० पैसे, म्हणजेच २५५ रुपये ३० पैसे. एखाद्या पावतीत भागाकारानंतर अर्धा पैसा उरला तर त्याचे काय करायचे, केंद्र प्रत्येक पावतीला पूर्णांक करते की दहा दिवसांच्या बेरजेला, हे मात्र कोटलिनच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. त्यासाठी केंद्रावर जाऊन विचारावे लागते.

दृश्य : फोनची भाषा इंग्रजीवरून मराठी केली जाते. ॲप उघडते आणि लगेच बंद पडते.

येथे मराठी शिकाऊंनी विशेष लक्ष द्यावे अशी एक गोष्ट घडते. ज्याने ॲप लिहिले त्याच्या फोनची भाषा इंग्रजी असते आणि तेथे सर्व सुरळीत चालते. घरच्यांच्या फोनची भाषा मराठी असते आणि तेथे ॲप उघडताच बंद पडते. अँड्रॉइड ज्या आंतरराष्ट्रीय भाषा-कोशावरून अंक, तारखा आणि चलन यांची मांडणी घेतो, त्यात मराठीसाठी देवनागरी अंक हीच मूळ पद्धत मानलेली आहे. हिंदीसाठी तसे नाही. त्यामुळे ‘दोन दशांश स्थळांपर्यंत दाखव’ असे साधे सांगितले, तरी मराठी फोनवर उत्तर देवनागरी अंकांत तयार होते. वाचणाऱ्याला ते छानच वाटते. परंतु तोच मजकूर पुढे संख्येत बदलण्यासाठी कोटलिनच्या ‘टूडबल’कडे दिला तर त्याला इंग्रजी अंकांखेरीज दुसरे अंक ओळखता येत नाहीत आणि ॲप कोसळते. लॉगकॅट या नोंदवहीत त्या क्षणी लाल अक्षरांत ‘नंबरफॉरमॅटएक्सेप्शन’ आणि त्याखाली ओळीचा क्रमांक उमटलेला असतो. तो न वाचता कोड इकडेतिकडे बदलत बसणे, किंवा तो न वाचताच एआय सहायकाला चिकटवून मिळेल ते उत्तर उतरवून घेणे, या दोन्ही सवयी नवशिक्यांत सारख्याच आढळतात. उपाय असा की, माणसाला दाखवायचा आकडा मराठी पद्धतीने मांडावा, आणि साठवायचा किंवा दुसऱ्या यंत्राकडे पाठवायचा आकडा भाषेपासून अलिप्त अशा स्वरूपात, म्हणजे ‘लोकेल रूट’ सांगून, लिहावा.

ॲपातील सर्व शब्द कोडमध्ये न विखरता वेगळ्या फाइलीत ठेवले आणि मराठीसाठी ‘व्हॅल्यूज-एमआर’ नावाचा फोल्डर केला की फोनच्या भाषेप्रमाणे शब्द आपोआप बदलतात. ओळींमधले अंतर इंग्रजीच्या मापाने आवळून ठेवले तर वेलांट्या, रफार आणि उकार कापले जातात. तेवढे पाहून घ्यावे.

नोंदी फोनमध्येच, रूम या साधनाच्या साहाय्याने, एसक्यूलाइट या माहिती-कोठारात राहतात. इंटरनेट लागत नाही. मुंबईकरांच्या ओळखीचे एम-इंडिकेटर हे सचिन टेके यांनी तयार केलेले ॲप लोकलचे वेळापत्रक इंटरनेटशिवाय दाखवते; गर्दीत, नेटवर्क गेलेल्या फलाटावरही ते उपयोगी पडते याचे मोठे कारण हेच आहे. सर्व्हर, लॉगिन आणि ओटीपी यांच्या मागे नवशिक्याने लागू नये. कोणाचाही मोबाइल क्रमांक साठवायचा नसेल तर त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारीही येत नाही.

दृश्य : गुगल प्लेच्या खात्याचे पान. चाचणी करणाऱ्यांची यादी भरली जात आहे.

ॲप इतरांपर्यंत पोचवण्याचे दोन मार्ग आहेत. छंद म्हणून काम करणारा तयार फाइल थेट नातेवाइकांना देऊ शकतो. त्यात एक खाच आहे. प्रत्येक ॲपवर तयार करणाऱ्याच्या किल्लीची, म्हणजे संगणकातल्या एका गुप्त फाइलीची, सही असते आणि चाचणीसाठी अँड्रॉइड स्टुडिओ जी किल्ली वापरतो ती प्रत्येक संगणकावर वेगळी असते. लॅपटॉप बदलला, नवी फाइल पाठवली, तर फोन ती घेण्यास नकार देतो; जुने ॲप काढून नवे घातले तर जुन्या नोंदी जातात. म्हणून स्वतःची किल्ली पहिल्याच दिवशी तयार करून तिची प्रत दुसरीकडे सुरक्षित ठेवावी.

दुसरा मार्ग गुगल प्लेचा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना सर्वांसाठी ॲप खुले करण्यापूर्वी बंदिस्त, म्हणजे निवडक लोकांपुरती, चाचणी घ्यावी लागते. आरंभी त्यासाठी २० जणांची अट होती, पुढे ती १२ वर आली. या १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत नाव ठेवलेले असावे लागते. या अटीबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत आणि पैसे घेऊन १२ नावे पुरवणारेही निघाले आहेत. दूधवाल्या ॲपाला त्यांची गरज नाही. केंद्रावरच्या एका रांगेत १२ जण मिळतात. ॲप खुले झाल्यावरही काम सुटत नाही. गुगल दर वर्षी अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्तीशी जुळवून घेण्याची मुदत देते, आणि फार मागे राहिलेले ॲप नव्या फोनवरील नव्या ग्राहकाला दुकानात दिसेनासे होते.

नोकरीविषयीही बोलायला हवे, कारण अनेकांना तीच हवी असते. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या मोठ्या सेवा-कंपनीत नव्याने लागलेल्या पदवीधराला मोबाइलचेच काम मिळेल याची खात्री नसते. प्रकल्प जेथे असेल तेथे पाठवले जाते, मग ते टेस्टिंग का असेना. ॲपचेच काम हवे असणाऱ्याने लहान कंपन्यांकडे आणि स्वतःचे उत्पादन असणाऱ्या कंपन्यांकडे पाहावे. तेथे मुलाखतीत प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा साधे प्रश्न पुढे येतात : पडदा फिरवल्यावर काय होते, मुख्य थ्रेडवर, म्हणजे पडदा आणि स्पर्श सांभाळणाऱ्या कामाच्या धाग्यावर, जड काम ठेवले तर काय होते? स्पर्शाला पाच सेकंद उत्तर मिळाले नाही तर ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी सूचना फोन दाखवतो, हे पाठ करून सांगणारा आणि स्वतःच्या ॲपात ते घडलेले पाहून सांगणारा, यांतला फरक विचारणाऱ्याच्या ध्यानात येतो. गिट या साधनाने ठेवलेली कोडमधल्या बदलांची क्रमवार नोंद अशा वेळी मोठी साक्ष ठरते. बाहेरची किरकोळ कामे घेऊन उत्पन्न मिळवणाऱ्यांनी एवढे जाणून असावे की प्रत्येक दुकानदाराला ॲपची गरज नसते. पुष्कळांचे काम व्हॉट्सॲप बिझनेसवर भागते, आणि तसे प्रामाणिकपणे सांगणाऱ्याकडे लोक पुढच्या कामासाठी परत येतात.

दृश्य : गोठा. गाईंच्या शेजारी बांधलेली म्हैस. त्यानंतर पुन्हा संगणकाचा पडदा.

काही महिन्यांनी वापरणाऱ्यांकडून मागणी येते की गाईचे आणि म्हशीचे दूध वेगळे दाखवावे, कारण दोन्हींचे दर वेगळे आहेत. नोंदीच्या तक्त्यात एक स्तंभ वाढवायचा, एवढेच काम दिसते. परंतु तक्ता बदलला आणि जुन्या नोंदी नव्या तक्त्यात कशा न्यायच्या हे सांगितले नाही, तर रूम ॲप उघडू देत नाही. ही अडचण दूर करणारी एक तयार ओळ नेटवर सहज सापडते. ती लिहिली की ॲप निमूट उघडते, कारण तिने जुना तक्ता पुसून नवा रिकामा तक्ता मांडलेला असतो आणि घरातल्या माणसाने रोज भरलेल्या सगळ्या नोंदी गेलेल्या असतात. योग्य वाट थोडी लांबची आहे : तक्त्याचा आवृत्ती-क्रमांक एकाने वाढवायचा, ‘प्राणी’ हा स्तंभ जोडणारी आज्ञा लिहायची, आणि जुन्या प्रत्येक नोंदीत काय भरायचे ते ठरवायचे. ज्या घरात गाई आणि म्हैस दोन्ही आहेत तेथे जुन्या नोंदी कोणत्या जनावराच्या, हे ॲपला ठाऊक नसते. तेथे ‘गाय’ असे गृहीत न धरता ‘नोंद नाही’ असे लिहून ती निवड वापरणाऱ्यावर सोपवावी. त्यानंतर जुनी आवृत्ती एका फोनवर घालून तिच्यात पंधरा-वीस नोंदी कराव्यात, तिच्यावर नवी आवृत्ती चढवावी आणि बेरीज आधीइतकीच येते का ते पाहावे. ती जुळली की नवी आवृत्ती चाचणी करणाऱ्या त्याच १२ जणांकडे आधी पाठवायची.