आजीची हाक

नमस्कार श्रोतेहो. आज जाऊ या कोयनेच्या खोऱ्यावर, डोंगरमाथ्यावरच्या गवळी-धनगरांच्या वाड्यावर. वाडा म्हणजे चौसोपी वाडा नव्हे हं! चार-पाच घरं, कारवीच्या कुडाच्या भिंती, आणि आत शिरलं की अर्धं घर म्हशींचं. उरलेल्या अर्ध्यात चूल, माणसं, कोंबड्या. पाऊसच असा कोसळतो की जनावरं बाहेर बांधायची सोय नाही. म्हणून म्हटलं, अर्धं घर म्हशींचं.

खोऱ्यात कुणबी, माथ्यावर धनगर, ही जुनी वाटणी. दूध डोंगर उतरेपर्यंत टिकायचं नाही, म्हणून लोणी-तूप खाली जायचं आणि धान्य वर यायचं. 1960च्या दशकात कोयना धरण झालं, खालची गावं पाण्यात गेली, आणि वरच्यांचं गिऱ्हाईकच उठलं. पोट मात्र नाचणीवरच. तीच नाचणी आता शहरात चकचकीत पुड्यात, आणि भाव विचारू नका! असो.

तर मी गेलो होतो तिथल्या एका आजीची हाक रेकॉर्डिंगच्या मशीनवर टिपायला. सकाळी धार काढून म्हशी रानात सुटतात. संध्याकाळी आजी कातळावर उभी राहून हाक मारते. शब्द नाहीत हो तिच्यात, नुसता लांब हेल. रानातून एकेक शिंग वर येतं. मी ती हाक टिपली, झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नीट उतरलीय का बघावं म्हणून, अंगणात मशीन लावलं. आवाज मोठा. हाक घुमली. दोनदा ऐकली, तिसऱ्यांदा ऐकली. आणि खालून घंटांचा खळखळाट! बाराच्या बारा म्हशी, चरणं अर्धवट टाकून, धापा टाकत दारात. आजी चुलीपाशी. तिनं म्हशींकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता ह्यांस्नी कोन चारनार? तू?"

परत हाकलायला गेलो तर एक हलेल तर शपथ. हाक आली होती, त्या आल्या होत्या, त्यांच्या लेखी दिवस संपला होता. सगळ्यात म्हातारी म्हैस तर मशीनपुढं येऊन उभी राहिली आणि त्याला हुंगून जोरात फुरफुरली. आजीनं माझ्या हातात विळा दिला. दिवेलागणीपर्यंत गवत कापलं मी, श्रोतेहो! हाताला फोड आले, आणि धारेला दूध कमीच पडलं ते पडलंच. रात्री मला कोरा चहा. बरोबरच होतं. तसाही पिशवीतल्या दुधाच्या चहापेक्षा कोरा चहा केव्हाही चांगला, हे माझं जुनं मत.

ती हाक माझ्याकडे अजून आहे. आज ऐकवणार होतो. पण आत्ता दुपारचे अडीच वाजलेत, म्हशी रानात आहेत, आणि आजीच्या घरात रेडिओ सुरू असतो.