डाव्या हाताचा मळ नव्हे : व्हिएतनामच्या संगीताची गोष्ट

[काळा पडदा. एकाच वाद्याचा आवाज, वीस सेकंद.]

गाणारं कुणी नाही. हे वाद्य आहे, आणि त्याला तार आहे फक्त एक.

याचं नाव दान बाउ. 'दान' म्हणजे तंतुवाद्य, 'बाउ' म्हणजे भोपळा. वारकऱ्याच्या हातातली एकतारी आपल्या ओळखीची. ती षड्ज धरून ठेवते, बाकीचं गळ्याने करायचं. इथे त्या एकाच तारेतून जवळजवळ तीन सप्तकं निघतात. ती कशी, ते आधी नीट बघून घेऊ.

[जवळून: वाद्य डावीकडून उजवीकडे.]

मीटरभराहून थोडी लांब, अरुंद लाकडी पेटी. उजव्या टोकाला खुंटी. डाव्या टोकाला पेटीतून वर उभी राहिलेली लवचिक काडी, बांबूची नाही तर म्हशीच्या शिंगाची. तिच्यावर ओवलेला छोटा भोपळा, जो आजकाल बहुधा लाकूड कातून केलेला असतो. खुंटीकडून निघालेली तार तिरकी वर चढते आणि भोपळ्यातून जाऊन काडीला बांधली जाते. पूर्वी ती रेशमी असे, आता पोलादी. सुरांच्या जागा दाखवणारे पडदे नाहीत.

[जवळून: उजवा हात.]

उजव्या हातात बांबूची बारीक काडी, ती नखीसारखी वापरायची. पण नुसती तार छेडायची नाही. करंगळीच्या बाजूची तळहाताची कड तारेला हलकेच टेकवायची, त्याच क्षणी छेडायचं आणि त्याच क्षणी हात उचलायचा. तार मंद्र सा-त लावली असेल, तर बरोबर मध्यावर हात टेकवल्यावर मध्य सा वाजतो. तिसऱ्या हिश्श्यावर पंचम, चौथ्यावर तार सा, पाचव्यावर गंधार, सहाव्यावर पुन्हा पंचम, आठव्यावर अतितार सा. सातवा हिस्सा सोडून देतात. तिथे निषाद मिळतो, पण आपल्या कोमल निषादापेक्षाही उतरलेला. तो गाण्यात बसत नाही.

नवशिक्याचा हात दोन ठिकाणी चुकतो. जागा थोडी जरी हुकली तरी सूर निघत नाही, नुसता 'ठप्' होतो. आणि हात उचलायला उशीर झाला तर निघालेला सूर तिथेच मरतो.

[जवळून: डावा हात काडीवर.]

म्हणजे उजव्या हाताकडे सहाच जागा, आणि त्यांतून मिळणारे स्वर तीनच : सा, ग, प. बाकीचे कुठून आणायचे? डाव्या हाताने. काडी बाहेर खेचली की तार ताणते, सूर चढतो. आत, पेटीकडे ढकलली की तार सैलावते, सूर उतरतो. तारेची लांबी यात जेमतेम बदलते, ताण मात्र खूप बदलतो, त्यामुळे उजव्या हाताच्या सहा जागा हलत नाहीत. वाद्याची सगळी हुशारी या एका गोष्टीत आहे. सा छेडला आणि काडी बाहेर घेतली की रिषभ. गंधार छेडून काडी आणखी ताणली की मध्यम. आणि हे सगळं सूर वाजत असतानाच करता येतं, म्हणून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, फुकट मिळते. फुकट म्हणजे, कान तयार असेल तर. काडी किती वाकवली की रिषभ येतो, याची खूण कुठेच केलेली नसते.

काडी फार ताठ असली तर हात भरून येतो आणि सूर हवा तितका चढत नाही. फार लवचिक असली तर ती मूळ जागी परतत नाही आणि गाणं संपेपर्यंत वाद्य उतरलेलं असतं.

एक जुनी म्हण आहे. दान बाउ जो वाजवील त्यानेच ऐकावं, पोरीबाळींनी त्याच्या नादी लागू नये. दुसऱ्या भागाचं कारण आपण आत्ताच ऐकलं. पहिल्या भागाचं कारण साधं आहे : आवाज लहान. उत्तरेत बाजाराच्या कोपऱ्यावर बसून 'साम' नावाची लोकगीतं गाणाऱ्या अंध गायकांच्या हातात तो पुरत असे. रंगमंचावर पुरेना, म्हणून विसाव्या शतकात पेटीत तारेचं कंपन विजेत उतरवणारा पिकअप बसला, सोबत स्पीकर आला. आज मैफलीत दिसणारं जवळजवळ प्रत्येक दान बाउ इलेक्ट्रिक आहे. शुद्धतावाद्यांनी नाक मुरडायचं काही कारण नाही. पिकअप नसता तर हे वाद्य म्हणीपुरतंच उरलं असतं.

[हनोईतला रस्ता. लोक बोलताहेत. बोलण्याचा चढउतार ऐकू द्यावा.]

आता सुरांना इतकं वाकवायची हौस कशासाठी? उत्तर रस्त्यावर ऐकू येतं. व्हिएतनामी भाषेत सुराने अर्थ बदलतो. उत्तरेकडच्या बोलीत असे सहा सूर आहेत. 'मा' सपाट म्हटलं तर भूत. चढवून म्हटलं तर गाल, दक्षिणेत आई. उतरवून म्हटलं तर 'पण'. तुटक आणि खाली दाबून म्हटलं तर भाताचं रोप. बाकीच्या दोन सुरांत थडगं आणि घोडा.

चाल बांधणाऱ्याचे हात इथे बांधले जातात. चढत्या सुराच्या शब्दावर चाल सपाट ठेवली, तर ऐकणाऱ्याच्या कानात गालाचं भूत होऊ शकतं. म्हणून गायक स्वरावर थेट उभा राहत नाही, शब्दाच्या सुराकडून घसरत तिथे येतो. वाद्यंही तेच करतात. इथल्या कुठल्याही जुन्या तंतुवाद्याकडे बघताना उजव्या हाताकडे कमी आणि डाव्याकडे जास्त बघा.

[दान त्रान. वरून दिसणाऱ्या सोळा तारा.]

हे दान त्रान. परंपरेने तारा सोळा, आता सतरा किंवा एकोणीसही. प्रत्येक तारेखाली सुटी, सरकणारी घोडी, म्हणजे तार उचलून धरणारा टेकू. घोडीच्या उजवीकडे छेडायचं, अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात नख्या घालून. डावीकडे दाबायचं. तारा पाच स्वरांत लावतात. त्यांची नावं हो, सू, सांग, से, काँग. आपल्या कानांनी ऐकलं तर सा रे म प ध. हो, दुर्गाचेच स्वर. पण दुर्गा राग शोधत बसू नका, सापडणार नाही. त्याच मोकळ्या तारांवर कुठला स्वर स्थिर ठेवायचा, कुठला हलवायचा आणि कुठला दाबून घ्यायचा, यावर 'बाक' म्हणजे प्रसन्न किंवा 'नाम' म्हणजे विरहाचा भाव ठरतो. तारा त्याच, डावा हात निराळा.

दाबल्याने सूर फक्त चढतो. उतरवायचा असेल तर आधी दाबून ठेवायचं, मग छेडायचं, मग सोडायचं. आणि दाब घोडीपासून चार-पाच बोटं तरी लांब द्यायचा. जवळ दाबलं की घोडी सरकते, मग भर मैफलीत एक तार बेसूर आणि वादक डोळ्यांनीच घोड्या मोजताना दिसतो.

[रात्र. कालव्याकाठचं घर, चटईवर बसलेले वादक.]

मेकाँगच्या मुखाकडचा दक्षिण भाग. इथे दन का ताय तू चालतं. घरगुती बैठक, हौशी म्हणवून घेणारे पण तयारीचे वादक. 2013 साली युनेस्कोने याची नोंद घेतली. सुरुवातीला प्रत्येक वादक तालाशिवाय थोडं वाजवतो, त्याला 'राव' म्हणतात. आलापाचंच काम : तारा जुळल्या का बघायचं, भाव ठरवायचा, बरोबरच्याला अंदाज द्यायचा. ताल दाखवायला पायाखाली साँग ल्वान नावाचं लहानसं लाकडी टाळकं असतं. 'टॉक्' एवढाच त्याचा आवाज, पण तो चुकला की सगळे चुकले.

चंद्रासारख्या गोल पोटाच्या वाद्याला दक्षिणेत दान कीम म्हणतात. दोनच तारा. पडदे इतके उंच, की बोट तारेसकट दोन पडद्यांमधल्या खड्ड्यात दाबता येतं, आणि जितकं दाबाल तितका सूर चढतो.

[जवळून: गिटारची पट्टी. दोन पडद्यांमधलं लाकूड कोरलेलं.]

फ्रेंच राजवटीत गिटार आली तेव्हा अडचण हीच झाली. गिटारचे पडदे बुटके. तार दाबली की लगेच लाकूड लागतं, पुढे दाबायला जागाच नाही. इथल्या लोकांनी गिटार टाकून दिली नाही. त्यांनी पटाशी घेतली आणि दोन पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरून काढलं. झाली गिटार फीम लॉम, म्हणजे खोलगट पडद्यांची गिटार. कोरणं जपून करावं लागतं. कमी कोरलं तर दाब पोचत नाही, जास्त कोरलं तर दांडी कमजोर होऊन तारांच्या ताणाने वाकते. वाजवणाऱ्यालाही सवय बदलावी लागते : साध्या गिटारवर तयार झालेलं बोट नकळत जोरात दाबतं, आणि इथे लगेच सूर चढा लागतो. परक्या वाद्याला आपल्या भाषेत बोलायला लावणं म्हणजे काय, याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही. आपली हार्मोनिअम अजून मींडेसाठी तरसते आहे, हे जाता जाता.

या गिटारीचं हक्काचं घर म्हणजे वाँग को हा गानप्रकार. त्याचं मूळ एका गाण्यात आहे. बाक लिएउ गावचे काव वान लाउ यांनी 1919च्या सुमाराला एक विरहगीत बांधलं : रात्री नगारा ऐकून दूर गेलेल्या नवऱ्याची आठवण काढणारी बायको. वीस ओळी, प्रत्येक ओळीला दोन मात्रा. पुढच्या वादक-गायकांनी ओळ ताणायला सुरुवात केली. दोनाच्या चार, चाराच्या आठ, मग सोळा, मग बत्तीस. सांगाडा तोच, लय विलंबित होत गेली आणि मधल्या जागेत नवे शब्द, नव्या हरकती भरत गेल्या. बत्तीस मात्रांच्या रूपात वीस ओळी कोण गाणार? सहाच गातात. काय लुओंग नावाच्या दक्षिणी संगीत नाटकाचा हा प्राण. गायक आधी मुक्त लयीत शब्दांची लांबलचक माळ एका दमात ओढत नेतो आणि शेवटी 'हो' या आधारस्वरावर अलगद उतरतो. तिथे टाळ्या पडणार म्हणजे पडणार.

[उत्तर. लहान खोली. गायिका मांडी घालून बसलेली, पुढ्यात बांबूची पट्टी.]

उत्तरेच्या का त्रू या गायनप्रकारात दाद द्यायची रीत अजबच आहे. मंडळी तिघांची. गायिका गाता गाता काड्यांनी बांबूच्या पट्टीवर ताल वाजवते. तिच्या बाजूला तीन तारांचं, लांब दांडीचं दान दाय. आणि तिसरा माणूस चक्क श्रोता. त्याच्यापुढे छोटा नगारा असतो. एखादी जागा आवडली की तो कातड्यावर किंवा लाकडी कडेवर काडी मारतो. चुकीच्या जागी वाजवलं तर गायिकेची नाही, त्याचीच शोभा होते. आपल्याकडे भलत्या जागी 'क्या बात है' म्हणणाऱ्यांच्या हातात असा नगारा द्यायला हरकत नाही. 2009 साली युनेस्कोने ही कला तातडीने जपायच्या यादीत घातली.

[मध्य व्हिएतनामचं पठार. घंटावादकांची रांग, पावलं.]

ताय न्गुयेनच्या पठारावर ना तार, ना काडी. इथे प्रत्येकाच्या हातात थाळीसारखी एक घंटा, प्रत्येक घंटेचा एक सूर. चाल कुणा एकाकडे नसते, ती रांगेतून फिरते. एक माणूस आला नाही तर गाण्याला भोक पडतं. उजवा हात मारतो. डावा काय करतो, बघा : घंटेला आतून टेकून नाद कधी दाबायचा, कधी सोडायचा, हे ठरवतो. इथेही शेवटचा शब्द त्याचाच. याच पठारावर 1949 साली फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज काँदोमिना यांना वाजणाऱ्या दगडांचा संच मिळाला. अकरा लांब शिळा. तो आता पॅरिसमध्ये आहे.

[सायगॉनची जुनी छायाचित्रं.]

गेल्या शतकातल्या गाण्यांवर वेगळा भाग करावा लागेल. त्रिन काँग सन यांचं नाव मात्र टाळता येत नाही. युद्धाच्या काळात त्यांनी लिहिलेली आणि खान ली यांनी गायलेली गाणी गिटारच्या मोजक्या कॉर्ड्सवर उभी आहेत. चाल बोलण्याच्या इतक्या जवळून जाते, की शब्द कधीच अडखळत नाहीत. आणि पाश्चात्त्य अभिजात संगीतात 1980 साली वॉर्सातली शॉपँ पियानो स्पर्धा जिंकणारा पहिला आशियाई वादकही व्हिएतनामचाच, दांग थाय सन.

[आजचा रंगमंच. दिवे, नर्तक.]

आताची तरुण मंडळी पुन्हा मागे वळून बघताहेत, पण संग्रहालयात जाऊन नव्हे. 2025 साली ह्वा मिन्झी या गायिकेने आपल्या बाक निन्ह प्रांतावर केलेलं गाणं देशभर गाजलं, त्यात तिथल्या क्वान हो गायकीचा बाज पॉपच्या ठेक्यावर बसवला आहे. त्याच्या आदल्या वर्षी दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमात 'त्राँग कम' हे लोकगीत नव्याने सादर झालं. त्राँग कम म्हणजे भाताचा ढोल. गळ्यात आडवा अडकवतात, दोन्ही हातांनी वाजवतात, आणि कातड्याच्या मधोमध शिजलेला भात चेपून सूर खाली आणतात. पखवाजाला कणीक लावताना बघितलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मध्य व्हिएतनाममधल्या चाम लोकांच्या मार्गे हे वाद्य भारताकडून आलं असावं, असं अभ्यासक मानतात. कणकेच्या जागी भात आला, एवढंच.

त्या सादरीकरणात सूबिन नावाचा पॉप गायक दान बाउ घेऊन बसला होता. त्यानंतर कीबोर्डवर तो आवाज शोधणाऱ्यांसाठी एक सूचना. नमुना-आवाज घेऊन नुसत्या पट्ट्या दाबल्या तर दान बाउ वाजत नाही, घंटी वाजते. कीबोर्डचं सूर वाकवायचं चाक बहुधा वरखाली दोन अर्धस्वरांपुरतंच लावलेलं असतं. ते आधी बारापर्यंत वाढवा. पट्टी कमी वेळा दाबा आणि एका आघातात दोन-तीन स्वर काढा. गायकाच्या आवाजावर ऑटोट्यून चढवणार असाल तर त्याचा वेग मंद ठेवा, नाही तर तो प्रत्येक हेलकावा जवळच्या अर्धस्वरावर नेऊन खिळवतो आणि मागे उरतो सपाट 'मा'. म्हणजे भूत.

आणि चाक डाव्या हातालाच असतं.

[दान बाउ. फक्त डावा हात, काडी. आवाज विरेपर्यंत.]