वाइडबँड गेज घेताय? डायल नंतर, आधी सेन्सर बघा

नमस्कार मंडळी, साताऱ्यातनं बोलतोय. वाइडबँड गेज म्हणजे सायलेन्सरच्या धुरातला ऑक्सिजन मोजून इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण कसं जातंय ते दाखवणारं मीटर. बरेच जण विचारतायत, दादा वाइडबँड गेज कुठला घेऊ, आणि फोटो पाठवतात ते सगळे डायलचे, लाल लाइट, निळी लाइट. अहो डायल राहू द्या बाजूला, सोबत सेन्सर कुठला येतो ते विचारा.

गाडीत आधीपासून असतो तो बहुतेक नॅरोबँड. तो ०.४५ व्होल्टच्या खाली गेला की लीन म्हणजे पेट्रोल कमी, वर गेला की रिच म्हणजे पेट्रोल जास्त, एवढंच सांगतो, किती रिच ते नाही. वाइडबँड किती ते सांगतो. त्यात बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर असलेला गेज घ्या, जुन्या ४.२ ला तुलनेसाठी बाहेरची हवा लागते, ४.९ ला लागत नाही. आणि हे बघा, जवळनं दाखवतो, या कनेक्टरच्या आत एक रेझिस्टर आहे, याच सेन्सरसाठी मोजून बसवलेला. म्हणून वायर लांब करायची म्हणून कनेक्टर कापू नका, पुढची सगळी रीडिंग चुकतील.

आता महत्त्वाचं. गेज लॅम्बडा दाखवणारा घ्या, म्हणजे इंधन पूर्ण जळायला जेवढी हवा लागते तिच्या किती पट हवा आहे ते दाखवणारा, १ म्हणजे बरोबर, कमी म्हणजे रिच. १४.७ म्हणजे एक भाग पेट्रोलला लागणारी हवा, हा आकडा निव्वळ पेट्रोलचा, आता आपल्या पंपावर ई-ट्वेंटी म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याचा खरा आकडा साडेतेराच्या आसपास, तरी गेज १४.७ च दाखवणार कारण तो आतनं लॅम्बडा मोजून १४.७ ने गुणतो. लॅम्बडा १ म्हणजे १, मग पेट्रोल असू दे, एलपीजी असू दे. मी यवतेश्वरचा घाट फुल थ्रॉटलला चढतो तेव्हा ०.८५ ते ०.८८ दिसलं की माझा जीव भांड्यात पडतो.

पण गेजवर डोळे झाकून विश्वास नको. माझ्या कार्बोरेटरवाल्या झेनला आयडलला गेज सारखा लीन दाखवायचा, मी आयडल रिच केलं, मग जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, तोही मोठा टाकला, प्लग काढले तर काजळीनं काळेकुट्ट आणि ॲव्हरेज पार बसलेलं! शेवटी सकाळी थंड इंजिन चालू केलं तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी, म्हणजे इंजिनातनं धूर बाहेर नेणाऱ्या पाइपपाशी, टक टक टक आवाज, गॅस्केट फुटलेलं. धुराच्या दोन धक्क्यांच्या मधे तिथनं बाहेरची हवा आत ओढली जायची, आणि सेन्सर बिचारा तोच ऑक्सिजन मोजत होता. आधी लीकेज बघा, मग जेटला हात लावा.

बसवताना सेन्सर कॅटच्या, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, टर्बो असेल तर टर्बोच्या नंतर, आणि पाइपच्या वरच्या अंगाला, आडव्यापासून निदान १० अंश तरी वर, नाहीतर सकाळी सायलेन्सरमधलं पाणी सेन्सरच्या तापलेल्या सिरॅमिकवर पडतं आणि ते तडकतं. गेज काढून ठेवलात तर सेन्सर पण काढा, त्याच्या आतला हीटर बंद असला की काजळी बसून तो मरतो. त्या भोकाला १८ एमएमचा, दीड पिचचा बोल्ट लावून टाका.