पाशा हे आडनाव नाही हो!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत उस्मानी (ऑटोमन) तुर्कांचा युद्धमंत्री एन्व्हर पाशा याचं नाव घेतलं आणि खाली तोच प्रश्न: एन्व्हर, त्याचा सहकारी मंत्री तलत, पुढे तुर्कस्तानचा पहिला राष्ट्राध्यक्ष झालेला केमाल, सगळेच पाशा, मग हे भाऊभाऊ का? एकाने तर 'पाशा घराण्याचा इतिहास सांगा' अशी फर्माईशच केलीय. अरे, घराणंच नाही तर इतिहास कुठला सांगू?

पाशा म्हणजे उस्मानी साम्राज्यातला किताब. वजीर, मोठे सुभेदार, सेनापती यांना सुलतान द्यायचा. जुन्या काळी घोड्याच्या शेपटीचे केस बांधलेला दांडा पाशापुढे मिरवत. वजिराला तीन शेपट्या, त्याखालच्या सुभेदाराला दोन. झालं, पुढे चला.

आपली गोची होते ती आडनावांमुळे. आपल्याकडे देशमुखाचा मुलगा देशमुख, पाटलाचा पाटील. वतन वंशपरंपरेनं चाललं, हुद्द्याचं आडनाव झालं. पाशाचं तसं नाही! पाशाचा पोरगा जन्मतः पाशा नसायचा. किताब त्या माणसाचा, घराचा नाही.

तलतचंच बघा. १९१५ साली तो गृहमंत्री होता, केवढी सत्ता हातात, तरी नुसता तलत बे, म्हणजे पाशाच्या खालचा किताब. १९१७ मध्ये वजीर-ए-आझम, म्हणजे पंतप्रधानासारखा मुख्य वजीर, झाला तेव्हा कुठे पाशा.

आणि आता माझं खरं दुखणं. 'गॅलिपोलीचा वाघ केमाल पाशा' असले थंबनेल बनवणाऱ्यांनो, १९१५ ला, पहिल्या महायुद्धात, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत लढताना तो पाशा नव्हता! कर्नलला बे म्हणायचे. जनरल झाला की पाशा. तो जनरल झाला १९१६ मध्ये. मी हे एका चॅनेलवर नम्रपणे लिहिलं, तर उत्तर काय? 'दादा, व्ह्यूज बघा.' बघितले. चिक्कार आहेत. तारीख चुकलेलीच आहे.

'फक्त मुसलमानांनाच मिळायचा का?' नाही. १८७८ मध्ये, तेव्हा नावापुरत्या उस्मानी साम्राज्यात असलेल्या इजिप्तचा पहिला पंतप्रधान झालेला नुबार पाशा आर्मेनियन ख्रिश्चन होता.

पुढे १९३४ च्या नोव्हेंबरात तुर्कस्तानने कायद्याने पाशा, बे, एफेंदी असले सगळे किताब मोडीत काढले. आडनाव सक्तीचं झालं तेही त्याच वर्षी, आणि केमालला मिळालं अतातुर्क. म्हणजे 'केमाल पाशा'त आडनाव शोधणाऱ्यांनो, आडनाव आलं आणि पाशा गेला! इजिप्तमध्ये हे किताब १९५२ च्या क्रांतीनंतर गेले.

तरी तुर्की लोक बोलताना जनरलला अजून पाशा म्हणतातच. कायदा कागदावर, जीभ आपल्या वळणावर. 'बे'बद्दल विचारणाऱ्यांनो, थांबा, तो मोठा गुंता आहे, पुढच्या व्हिडिओत घेतो.